परसातलं काळ्या पानांचं झाड

भामाबाईंनी उभा जन्म दुसऱ्यांची झाडं वाढवण्यात घालवला. वनखात्याच्या रोपवाटिकेत त्या रोजंदारीवर होत्या. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत माती आणि शेणखत भरायचं, बी टोचायचं, उन्हाळाभर झारीनं पाणी घालायचं आणि पाऊस लागला की तीच रोपं ट्रकमध्ये चढवून द्यायची. ती पुढं कुठल्या डोंगरावर गेली, जगली की वाळली, हे त्यांना कधी कळायचं नाही. "आमचं काम पिशवीपत्तुर," असं त्या म्हणायच्या.

मी मेढ्याच्या शाळेत बदलून आले तेव्हा त्यांनी ते काम सोडलं होतं. गुडघे गेले होते. त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या. मी इस्लामपूरची आणि त्यांचं माहेरही वाळवा तालुक्यातलंच, एवढ्यावर आमचं जुळलं. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला मॅडम. त्यांचे यजमान आण्णा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाले आणि दम्यानं त्यांना धरलं. दिवसभर ते दारातल्या खुर्चीत पंप हातात घेऊन बसलेले असायचे.

एकुलता एक मुलगा प्रबुद्ध नर्सिंग शिकून इंग्लंडला एका इस्पितळात लागला होता. सून दीपमाला साताऱ्याची. तीही तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात काम करायची. मी राहायला येण्याच्या दोन वर्षं आधी त्यांचं पहिलं बाळ गेलं. नववा महिना लागला होता. पोटातच गेलं. मुलगा होता. फोनवर प्रबुद्धनं एवढंच सांगितलं होतं. मावशींनी मला हे सांगितलं ते तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. "मला जायाचं हुतं तिच्याजवळ. पर कशी जाणार? माझ्याकडं पासपोर्ट सुदीक न्हाई."

मी आल्यानंतरच्या हिवाळ्यात ती दोघं सुट्टीला आली. दीपमाला मी पहिल्यांदाच पाहिली. हसतमुख, पण बोलता बोलता मध्येच थांबायची आणि आपण काय बोलत होतो ते तिलाच आठवायचं नाही. एक दिवस दोघं पाचगणीकडं फिरायला म्हणून गेली आणि संध्याकाळी रिक्षातून एक कुंडी घेऊन उतरली. कुंडीत हातभर उंचीचं रोप होतं. असली पानं मी कधी बघितली नव्हती. जवळजवळ काळी, उन्हात धरली तर जांभळी, आणि गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली.

"एल्डर," दीपमालानं सांगितलं. "याला गुलाबी फुलं येतात आई, छत्रीसारखी पसरट."

तिकडं त्यांच्या भाड्याच्या घरामागं तिनं असंच झाड लावलं होतं. बाळ गेल्यावर. दोन वेळा त्याला फुलं आली, मग मालकानं घर विकलं आणि त्यांना दुसरीकडं राहायला जावं लागलं. जमिनीतलं झाड उपटून कुठं नेणार? नवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात होतं की ते झाड आता आपल्या स्वतःच्या जमिनीत लावायचं, जिथून कुणी हलवणार नाही. पाचगणीच्या वाटेवर एका नर्सरीत ते दिसलं. नर्सरीवाल्यानं हिमाचलमधून आणवलं होतं. हे थंड मुलखातलं झाड आहे, इथं वर जगेल, खाली मेढ्यात जगेल की नाही ते मी सांगत नाही, असं तो स्पष्ट बोलला होता. दीपमालानं ते ऐकून घेतलं आणि तरी रोप आणलं.

परसात न्हाणीच्या मागं, फणसाच्या सावलीत जागा ठरली. सकाळचं ऊन लागेल आणि दुपारचं टळेल अशी. खड्डा मावशींनीच काढला, कुणाला हात लावू दिला नाही. तळाला खडी, मग शेणखत मिसळलेली माती. रोप कुंडीतून काढताना त्यांनी ते मुळाशी असं अलगद धरलं की प्रबुद्ध तोंड फिरवून घरात निघून गेला.

दीपमाला शेजारी उकिडवी बसून सांगत होती. माती ओली ठेवायची, पण चिखल करायचा नाही. बुंध्याशी पालापाचोळा घालायचा. पानं आणि कच्ची फळं विषारी असतात, शेळ्यांना लागू द्यायचं नाही. आणि थंडी संपता संपता ते गुडघ्याएवढं ठेवून सगळं छाटून टाकायचं.

"सगळं?" मावशींनी विचारलं.

"हो. तरच नव्या फांद्या जोरदार येतात. भीती वाटते, पण येतात."

जाताना गाडीत बसायच्या आधी ती पुन्हा परसात गेली. परत येऊन मावशींच्या पाया पडली आणि म्हणाली, "आई, बघाल ना त्याच्याकडं?"

"बघीन की. माझं तेच काम हाय," मावशी म्हणाल्या.

पहिलं वर्ष छान गेलं. उन्हाळ्यात मावशींनी चार बांबू रोवून वर हिरवी जाळी बांधली. दुपारी माती हाताला कोमट लागली की त्या घागर घेऊन जायच्या. गुडघे दुखायचे म्हणून घागर अर्धीच भरायच्या आणि दोन खेपा करायच्या. पानांच्या कडा करपल्या, पण झाड तगलं. पावसाळ्यात तर ते चांगलं कंबरेएवढं झालं. परसाला उतार होता, पाणी यायचं आणि निघून जायचं. दर रविवारी दुपारी, म्हणजे तिकडं सकाळ असताना, व्हिडिओ कॉल यायचा. आधी सगळ्यांची चौकशी व्हायची. मग दीपमाला म्हणायची, "आई, दाखवा." मावशी मोबाईल दोन्ही हातांनी धरून परसात जायच्या आणि झाडाभोवती हळूहळू फिरायच्या.

थंडीत बरीच पानं गळाली. छाटायची वेळ आली तेव्हा मावशी कोयता घेऊन गेल्या आणि तशाच परत आल्या. "माझ्यानं न्हाई व्हायचं," म्हणाल्या. शेवटी आण्णा उठले. दम लागत होता, पण एकेक फांदी कापून त्यांनी झाड गुडघ्याएवढं केलं. मावशी तेवढा वेळ घरात भांडी घासत होत्या. घासलेलीच.

फेब्रुवारीच्या शेवटी खुंटांवर कोंब आले, काळेभोर. एक जुनी फांदी मात्र आण्णांनी न कापता ठेवली होती, तिला एप्रिलमध्ये फुलं आली. गुलाबी, पसरट, चहाच्या बशीएवढी. दीपमालानं ती मोबाईलवर बघितली, आणि त्याच दिवशी तिनं सांगितलं की तिला पुन्हा दिवस गेलेत.

मावशींना आनंद झालाच. पण दुसऱ्या दिवसापासून त्या झाडाकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. आधी त्या दिवसातून दोनदा बघायच्या, आता येता-जाता. एखादं पान पिवळं दिसलं तर चेहरा पडायचा. मी एकदा विचारलं तर त्यांनी आधी दाराकडं बघितलं, आण्णा नाहीत ना ते. मग म्हणाल्या, "मॅडम, आमी असलं काय मानत न्हाई. देवदेवस्की, शकुन, सगळं आमच्या सासऱ्यानं कवाच सोडलं. मला बी पटतंय ते. पर मनाला कुणी सांगावं?"

आण्णांना कळायचं ते कळलंच. एका संध्याकाळी ते म्हणाले, "अगं, झाड झाडाच्या जागी आन् पोर पोराच्या जागी. तिकडं मोठमोठं डॉक्टर हायती."

"मी काय म्हणलं का?"

"म्हणली न्हाईस. पर जेवण कुठं जातंय तुला?"

मावशींचा पासपोर्ट काढायचं त्याच वेळी सुरू झालं. बाळंतपणाला मावशींनीच यावं असं दीपमालाचं म्हणणं होतं, कारण तिची स्वतःची आई लहानपणीच गेलेली. पण मावशींचं नाव आधारवर भामाबाई, रेशनकार्डावर भामा, आणि जन्माची नोंद कुठंच नाही. मी त्यांच्याबरोबर साताऱ्याला गेले, वाळव्यालाही गेले. कचेरीतले सगळे नीट बोलायचे आणि आणखी एक कागद आणायला सांगायचे. एसटीत परत येताना मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी जलमले हे बी सांगायला कुणीतरी लागतंय बगा."

मे महिन्यात आमच्या घराच्या वरच्या अंगाला जेसीबी आला. बाहेरगावच्या कुणीतरी तो उतार विकत घेतला होता, बंगला बांधायला. आठवडाभर घरघर चालली होती. उतार तोडून सपाटी केली, कडेला मातीचा बांध घातला. मालक कधी दिसला नाही. तिथं एक राखणदार असायचा, भला माणूस. पावसाचं पाणी आता कुठून जाणार असं आण्णांनी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मला काय ठावं आण्णा, मी आपला सामान राखतोय."

पाणी कुठून जाणार ते जुलैत कळलं. वरच्या सपाटीचं सगळं पाणी बांधाच्या टोकाशी गोळा व्हायचं आणि तिथून थेट आमच्या परसात उतरायचं. न्हाणीच्या मागं ते अडायचं. जावळीतला पाऊस, तो एकदा धरला की सोडत नाही. दोन-तीन दिवसांत एल्डरच्या बुंध्याशी घोट्याएवढं पाणी उभं राहिलं.

मावशी डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, कुदळीनं चर काढत होत्या. मी शाळेतून आले की त्यांच्या हातातून कुदळ घ्यायचे. आम्ही काढलेला चर सकाळपर्यंत गाळानं भरलेला असायचा. आण्णा दारातून सांगायचे, इकडून काढा, तिकडून काढा, आणि खोकल्याची उबळ आली की थांबायचे. एकदा त्यांनी कुदळ हातात घेतली आणि चार घाव घालून तिथंच चिखलात बसले. दोघींनी मिळून त्यांना घरात आणलं.

राखणदारानं मालकाचा फोन नंबर दिला होता. मी लावला. तिकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि पावसाळ्यानंतर बघू असं सांगितलं.

झाडाची पानं खाली लोंबायला लागली. उन्हाळ्यात लोंबतात तशीच. "पाण्यात उभं ऱ्हाऊन वाळतंय बगा," मावशी म्हणाल्या. त्यांना ते माहीत होतं. मुळं कुजली की झाडाला पाणी पिता येत नाही, मग भोवती कितीही असो.

त्याच आठवड्यात प्रबुद्धचा फोन आला. दीपमालाचा रक्तदाब वाढला होता, तिला इस्पितळात ठेवून घेतलं होतं. सातवा सरत आला होता. डॉक्टर म्हणत होते, जेवढे दिवस काढता येतील तेवढे काढायचे. तो स्वतः नर्स, पण त्याचा आवाज अगदी शाळेतल्या मुलासारखा झाला होता. "आई, मी रोज दुसऱ्यांना सांगतो काळजी करू नका म्हणून," तो म्हणाला.

मावशी फोन ठेवून सरळ परसात गेल्या. झाड उकरून काढायचं ठरवलंच त्यांनी. भर पावसाळ्यात, पालवीत असलेलं झाड हलवणं किती धोक्याचं ते त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? पण ठेवलं तरी जाणारच होतं. आम्ही दोघींनी ते चिखलातून वर काढलं. मुळं काळी पडली होती, हात लावला की साल निसटून हातात यायची, आणि घाण वास येत होता. मावशींनी सगळी कुजकी मुळं कापून टाकली. उरली ती मूठभर. रंगाचा एक मोठा डबा होता, त्याला खाली भोकं पाडून, वाळू आणि कोरडी माती घालून त्यांनी झाड त्यात लावलं आणि पुढच्या पडवीत ठेवलं. वरच्या हिरव्या फांद्यांचे तुकडे करून ते रोपवाटिकेतल्यासारखे पिशव्यांत टोचले.

इस्पितळातून दीपमाला फोन करायची. पडून पडून तिचा चेहरा सुजला होता. पहिल्याच वेळी ती म्हणाली, "आई, दाखवा ना."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "लय पाऊस हाय गं पोरी. फोन भिजंल."

"कसं आहे?"

"हाय की. बरं हाय."

फोन बंद झाल्यावर त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. जन्मात कुणाशी खोटं बोलले नाही असं काही त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता रोज पाऊस सांगावा लागंल." आणि खरंच तसं झालं. फोन आला की त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायच्या आणि मोबाईल तोंडाजवळ धरायच्या, मागचं काही दिसू नये म्हणून.

डब्यातलं झाड उभं राहिलं नाही. पानं वाळून काळ्या चहापत्तीसारखी गळाली. मावशी नखानं साल खरवडून बघायच्या, आत हिरवं आहे का. आधी खाली वाळत गेलं, मग वर. पिशव्यांतल्या काड्यांना मात्र कोंब फुटले. मला केवढं बरं वाटलं. मी त्यांना हाक मारून दाखवलं. त्यांनी एका काडीला बोट लावून जरा हलवलं, काडी सैल होती. "मूळ न्हाई धरलं," त्या म्हणाल्या. "काडीत जेवढं हुतं तेवढ्यावर फुटलीया. संपलं की जाईल." चार-पाच दिवसांत ते कोंबही मऊ पडले.

त्यातला शेवटचा कोंब कधी गेला ते मला नीट आठवत नाही, कारण त्याच सुमारास दीपमाला बाळंत झाली. पोट फाडून बाळ काढावं लागलं. मुलगी. वजन एवढं कमी की प्रबुद्धनं आकडा सांगितला तेव्हा आण्णांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. काचेच्या पेटीत ठेवली होती. फोटो आला. नाकात नळी, पायाला तार, अंगावर नुसती कातडी. मावशींनी फोटो मोठा करून बघितला, बोटानं सरकवत सरकवत, पायापासून डोक्यापर्यंत. "जीव हाय ना गं तिच्यात?" त्यांनी मलाच विचारलं. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मुलगी जगते की नाही हे कळायला बरेच दिवस गेले. एक दिवस चांगली बातमी यायची, दुसऱ्या दिवशी श्वास थांबला होता म्हणून. मावशींना करण्यासारखं इथं काहीच नव्हतं. डिंकाचे लाडू करून पाठवावे तर तिकडं जाणारं कुणी नाही. मळायला बाळ नाही, शेकायला बाळंतीण नाही. पासपोर्टाचं अजून अडलेलंच. त्या रोज परस झाडायच्या, गाळ वाळला होता तोही झाडायच्या.

दीपमाला घरी आली, मुलगी इस्पितळातच होती. त्या रविवारी फोन आला तेव्हा मावशींनी मला जवळ बसवून घेतलं. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "दीपा, ते झाड गेलं गं. माझ्यानं न्हाई राखवलं."

पलीकडं दीपमालानं फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "मला कळलं होतं आई. तुम्ही रोज भिंतीपाशी बसायचात."

"मी लय केलं. पाणीच थांबंना."

"तुम्ही केलं असणारच. मला माहीत आहे." मग अगदी हळू, आमच्याशी नव्हे तर स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आता त्या बाळाचं असं काहीच राहिलं नाही आपल्याकडं. कुठंच."

मावशींनी पदरानं मोबाईलची काच पुसली. मग दीपमालानंच, मुलीसाठी दूध काढून ठेवायची वेळ झाली, असं सांगून फोन ठेवला. मावशी मोबाईल मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. आण्णांनी दारातून विचारलं, "काय म्हणली?"

"काय म्हणणार?" मावशी म्हणाल्या. "खरं तेच म्हणली."

दिवाळीच्या आधी मुलीला घरी सोडलं. अजून किरकोळ होती, पण दूध ओढत होती. शिवांगी की समृद्धी असं नावावर अजून चाललंय, घरात तिला नुसतं बाय म्हणतात. पावसाळ्यानंतर वरच्या मालकानं बांध दुरुस्त करायला माणूस पाठवला, त्यानं तो आणखी उंच केला आणि गेला. आण्णांचा पंप बदलला. माझी बदली इस्लामपूरला व्हायची होती, ती झाली.

निघायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधत होते. दुपारी मावशींच्या घरातून फोन वाजल्याचा आवाज आला आणि मग त्यांनी मला हाक मारली, जरा घाबऱ्याच आवाजात. मी गेले. मोबाईलवर मुलगी दिसत होती, पाळण्यात झोपलेली. दीपमालानं फोन पाळण्याच्या कडेला टेकवून ठेवला होता. प्रबुद्ध कामावर गेलेला, आणि तिला अंघोळ करायची होती. "आई, एवढं पाच मिनिटं लक्ष ठेवा," असं सांगून ती गेली होती.

"मॅडम, हितं बसून मी काय लक्ष ठिवू?" मावशी म्हणाल्या. पण डोळे त्यांनी स्क्रीनवरून हलवले नव्हते.

आम्ही दोघी बघत बसलो. मुलीची छाती वर-खाली होत होती, ते कपड्यातून दिसत होतं. मावशींचे ओठ हलत होते, तिचे श्वास मोजत असाव्यात. मग मुलीनं तोंड वेडंवाकडं केलं, हात ताणले आणि रडायला लागली. आवाज बारीक होता, पण थांबेना. पलीकडून कुणी येईना. नळाचा आवाज येत होता.

"ए बाय," मावशी म्हणाल्या. "उगी, उगी. आलीच तुझी आई." त्यांनी मोबाईल उचलून तोंडाजवळ नेला, मग तिला चेहरा दिसावा म्हणून लांब धरला. मुलगी रडतच होती. मावशींनी जीभ टाळ्याला लावून चुटचुट केलं, पूर्वी प्रबुद्धसाठी करायच्या तसं असावं. "उगी गं. मी हाय. हितं हाय मी." त्यांचा एक हात नुसताच पुढं गेला होता, हवेत, आणि थोपटल्यासारखा हलत होता. आण्णा खुर्चीतून उठून दारात येऊन उभे राहिले होते. मुलगी रडत होती आणि मावशी थोपटत होत्या, दीपमाला ओल्या केसांनी धावत येईपर्यंत.